जिनिंगची सत्तर टेबले, कागद एकही नाही: आराखडा काढायला कोणते साधन घ्यावे?

चाळीसगावच्या एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न आहे. एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे जुने सॉफ्टवेअर त्याच्या गळ्यात आले आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल, सत्तरच्या आसपास टेबले, लिहून ठेवलेले काहीच नाही आणि आधीचा माणूस काम सोडून गेलेला. मालकांना हंगामाआधी 'सगळे कसे जोडलेले आहे' ते चित्रात बघायचे आहे, शिवाय काही नवी टेबलेही घालायची आहेत. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, खर्च शक्यतो शून्य. डेटाबेसचा आराखडा काढायला कोणते साधन घ्यावे, फुकटातले पुरेल का विकत घ्यावे, असे तो विचारतो.

आधी सरळ उत्तर देते. तुमच्यासाठी मायएसक्यूएल वर्कबेंच, आणि सुरुवातीचे पंधरा दिवस जोडीला डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती. विकत काहीही घेऊ नका. तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस किंवा ओरॅकल असता तर उत्तर बदलले असते, म्हणून निवड कशी करायची तेही सांगते. ते कळले की पुढच्या कामाला तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

मी जळगावात वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करते आहे: जिन, पतसंस्था, दूध संघ, केळीचे व्यापारी. कोणतेही साधन हातात घेतले की मी आधी एकच गोष्ट तपासते. चित्रात बदल केला तर तो डेटाबेसपर्यंत जातो का, आणि डेटाबेसमध्ये कोणी परस्पर बदल केला तर तो चित्रात आणता येतो का? ही दोन्हीकडची ये-जा नसेल तर बाकी रंग, बाण, छाया सगळे बिनकामाचे. एका पतसंस्थेसाठी मी सुरुवातीच्या काळात नुसत्या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा तक्ता काढून भिंतीला लावला होता. दिसायला सुरेख होता. सहा-आठ महिन्यांत डेटाबेस बदलत गेला, तक्ता तसाच राहिला. पुढे नवीन आलेल्या मुलाने त्या तक्त्यावर भरवसा ठेवून व्याजाचा अहवाल लिहिला. ज्या रकान्यात आता कोणी काही भरतच नव्हते, त्याच रकान्यावरून त्याने बेरीज केली होती. त्याची चूक नव्हती. भिंतीवरचा कागद खोटे बोलत होता आणि तो मी लावलेला होता. म्हणून ड्रॉ डॉट आयओसारखी साधने मला बैठकीत पाच मिनिटांत काही समजावण्यापुरती आवडतात. आराखडा सांभाळायला ती घेऊ नका, कारण त्यांना तुमच्या डेटाबेसची खबरच नसते.

आता तुमच्या डेटाबेसकडे येऊ. वर्कबेंचमध्ये डेटाबेस मेनूतून रिव्हर्स इंजिनिअर केलेत, म्हणजे असलेल्या डेटाबेसवरून चित्र काढलेत, की बहुधा सत्तर चौकोन दिसतील आणि त्यांना जोडणारी एकही रेघ दिसणार नाही. साधन बिघडले असे वाटेल. ते बिघडलेले नसते. जुन्या काळातली पुष्कळ सॉफ्टवेअरे मायआयसॅम प्रकारच्या टेबलांवर बांधलेली आहेत. टेबल बनवताना फॉरेन की, म्हणजे 'हा रकाना त्या टेबलाकडे जातो' हे बंधन, लिहिली तरी मायआयसॅम ती मुकाट्याने स्वीकारते आणि सोडून देते, कुठे नोंद ठेवत नाही. मायएसक्यूएल 5.5 पासून, म्हणजे 2010 नंतर, आपोआप मिळणारा प्रकार इनोडीबी झाला. तो फॉरेन की खरोखर पाळतो. पण जुनी टेबले कोणी बदलली नसतील तर ती तशीच चालत राहतात. तेव्हा पहिल्या दिवशी इन्फर्मेशन स्कीमातल्या टेबल्सच्या यादीत एंजिनचा, म्हणजे टेबलाच्या प्रकाराचा, रकाना बघा. तिथे मायआयसॅम दिसले तर टेबलांची नाती फक्त पीएचपीच्या कोडमध्ये आहेत असे समजा. ती तुम्हाला एकेक करून शोधायची आहेत.

डीबीव्हर मी इथेच वापरायला सांगते. त्यात मूळ डेटाबेसला हात न लावता 'व्हर्च्युअल' फॉरेन की मांडता येते. काटा पावतीतला (वजनकाट्यावरच्या पावतीतला) पार्टी आयडी पार्टी मास्टरकडे जातो असा तुमचा अंदाज असेल, तर ते नाते आधी नुसते मांडून बघायचे आणि पावतीवरून पार्टीवर उडी मारून माहिती जुळते का ते पाहायचे. स्कीमास्पाय नावाचे आणखी एक फुकट साधन आहे. ते जावावर चालते, डेटाबेस वाचून ब्राउझरमध्ये उघडणारी पाने बनवते, आणि रकान्यांची नावे व प्रकार जुळतात तिथे 'इथे नाते असावे' असा अंदाजही दाखवते. मात्र प्रत्येक टेबलात प्रायमरी कीचे, म्हणजे ओळ ओळखण्याच्या रकान्याचे, नाव नुसते 'आयडी' ठेवलेले असेल तर त्याचा हा अंदाज फारसा उपयोगी पडत नाही.

अंदाज पक्का झाला की बापाविना पोरे शोधा: ज्या पावतीतली पार्टी पार्टी मास्टरमध्ये नाहीच अशा पावत्या. लेफ्ट जॉइन लावून समोरची बाजू रिकामी येते त्या ओळी काढल्या की झाले. जुन्या डेटाबेसात त्या निघतातच. कोणीतरी डबल नोंद म्हणून पार्टी काढून टाकलेली असते आणि तिच्या पावत्या मागे लोंबकळत राहतात. त्या निस्तरल्याशिवाय फॉरेन की लागणार नाही. दुसरी अडचण प्रकारांची असते. एका टेबलात इंट, दुसऱ्यात अनसाइन्ड इंट (ऋण आकडे न घेणारा) असेल तर मायएसक्यूएल 8 मध्ये 3780 क्रमांकाची चूक येते आणि लोक तासन् तास नावाचे स्पेलिंग तपासत बसतात. दोन्ही रकाने अगदी सारखे करा, मग लावा. हे सगळे आधी बॅकअपच्या प्रतीवर करायचे, चालू डेटाबेसवर नाही. आणि काहीही झाले तरी पावत्या आणि पैशांच्या टेबलांवर डिलीट कॅस्केड लावू नका. एक पार्टी खोडली आणि तिचा पाच वर्षांचा हिशोब गेला, असे होता कामा नये.

वर्कबेंचची एक खोड मी मुलांना नेहमी आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे कॉलेजात झॅम्प वापरतात. झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेले असले तरी आत गेली कित्येक वर्षे मारियाडीबी असते. वर्कबेंच 8 मध्ये आराखडा काढून फॉरवर्ड इंजिनिअर केले, म्हणजे चित्रावरून टेबले बनवली, की इंडेक्सच्या ओळीच्या शेवटी 'व्हिजिबल' हा शब्द येतो. तो मायएसक्यूएल 8 ला कळतो, मारियाडीबीला कळत नाही. लगेच 1064, म्हणजे व्याकरणाची चूक. आराखड्यात काहीच चुकलेले नसते. मॉडेल ऑप्शन्समध्ये मायएसक्यूएलची लक्ष्य आवृत्ती 5.7 करून ठेवा, तो शब्द येणे बंद होते. तुमच्या कारखान्यातला सर्व्हर नक्की काय आहे ते 'सिलेक्ट व्हर्जन' करून आधी बघून घ्या.

दुसरी गोष्ट रेघांची. वर्कबेंचच्या बाजूच्या पट्टीत एकास-अनेक नात्याची दोन बटणे आहेत, एक तुटक रेघेचे आणि एक सलग रेघेचे. सलग रेघ घेतली तर वरच्या टेबलाची की खालच्या टेबलाच्या प्रायमरी कीमध्ये जाऊन बसते. तुटक घेतली तर ती साधा रकाना म्हणून येते. नवी मुले सलग रेघ ठळक दिसते म्हणून तीच घेतात. मग चार पायऱ्या खाली गेल्यावर एका टेबलाची प्रायमरी की चार रकान्यांची होऊन बसते. तुमच्या कामात दहापैकी नऊ ठिकाणी तुटक रेघच लागेल. पावती आणि पावतीच्या ओळी, अशा जागी सलग रेघ शोभते.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. विद्यापीठाच्या परीक्षेत आपण चौकोन, शंकरपाळी आणि लंबगोल काढतो. ती पीटर चेन यांनी 1976 मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि विचार करायला ती चांगलीच आहे. पण रोजच्या साधनांत कावळ्याच्या पायाची खूण चालते: रेघेच्या टोकाला तीन बोटे दिसली की तिथे 'अनेक', छोटे वर्तुळ दिसले की 'नसले तरी चालेल'. ही खूण मी आग्रहाने वापरते, कारण ती संगणक न शिकलेल्या माणसालाही दोन मिनिटांत वाचता येते. निवडीची माझी दुसरी कसोटी हीच आहे: ज्याचा धंदा आहे त्याच्यासमोर हे चित्र ठेवता येईल का?

तुमचे काम जिनचेच आहे, म्हणून एक अनुभव जरा सविस्तर सांगते. धरणगावकडच्या एका जिनसाठी मी आराखडा केला होता. शेतकरी, त्याची काटा पावती, आणि पावतीवरून थेट रुईची गाठ. ए-थ्री कागदावर छापून मुनीमजींच्या टेबलावर पसरला. तीन बोटांची खूण समजावली. ते चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि मग पावती ते गाठ या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हाई रेघ खोटी शे." मला घेऊन आवारात गेले. खेडा खरेदीची गाडी काट्यावर चढली, भरलेले वजन झाले, आणि कापूस समोरच्या गंजीवर, म्हणजे ढिगावर, रिकामा झाला. त्या गंजीत आधीच पाच-सहा गाड्यांचा माल होता. तोच मिसळलेला कापूस जिनात जातो, सरकी वेगळी पडते, रुई प्रेसमध्ये जाते आणि साधारण 170 किलोची गाठ बांधली जाते. कोणत्या गाठीत कोणाचा कापूस आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सांगता येते ते एवढेच: या गंजीवर कोणत्या पावत्यांचा माल पडला आणि या गंजीतून कोणत्या गाठी निघाल्या.

मग गंजी हे स्वतंत्र टेबल झाले. तेवढ्यावर भागले नाही. गाडीतला काही माल पिवळट निघाला तर तो दुसऱ्या गंजीवर टाकतात, असे मुनीमजींनी बोलता बोलता सांगितले. म्हणजे एक पावती दोन गंज्यांत जाऊ शकते. म्हणून मधे 'गंजी भरती' हे आणखी एक टेबल आले: पावती, गंजी आणि क्विंटल. हे जमल्यावर प्रत्येक गंजीचा उतारा काढता येऊ लागला, म्हणजे इतक्या कापसातून इतकी रुई. मालक कित्येक हंगाम हाच आकडा मागत होते आणि जुन्या मांडणीत तो निघणे शक्यच नव्हते. गाठीच्या पी.आर. नंबरचेही, म्हणजे प्रेसमधून निघताना गाठीला मिळणाऱ्या क्रमांकाचेही, तसेच. मी तो एकमेव धरला होता. त्या जिनमध्ये दर हंगामात तो पुन्हा एकपासून सुरू होतो हे मुनीमजींनीच लक्षात आणून दिले. म्हणून हंगाम आणि पी.आर. नंबर मिळून युनिक, असे करावे लागले. हे सगळे एका छापील कागदामुळे बाहेर आले. त्यामुळे साधन घेताना त्यातून वाचता येईल अशी छपाई किंवा पीडीएफ निघते का, हे मी पहिल्याच तासात करून बघते. वर्कबेंचमधून ती निघते.

एक सांगणे आहे, सत्तर टेबले एका कागदावर कोंबू नका. वर्कबेंचच्या एका मॉडेलमध्ये अनेक डायग्राम ठेवता येतात आणि एकच टेबल दोन-तीन डायग्राममध्ये येऊ शकते. खरेदी आणि काटा एक पान, गंजी ते गाठ दुसरे, विक्री आणि लॉट तिसरे, हिशोब आणि देणी चौथे. पार्टी मास्टर चारही पानांवर असेल. लॉगिन, लॉग आणि सेटिंगची टेबले पाचव्या पानावर टाकून द्या, मालकांना ती दाखवायची गरज नाही. प्रत्येक टेबलाच्या कॉमेंटमध्ये मराठीत एक ओळ लिहा, जिनमध्ये त्या गोष्टीला जे म्हणतात त्याच शब्दांत. कॉमेंट डेटाबेसमध्येच साठते. उद्या साधन बदलले तरी ती ओळ जात नाही.

बदल डेटाबेसमध्ये नेताना 'सिंक्रोनाइझ मॉडेल' वापरा. ते मॉडेल आणि खरा डेटाबेस शेजारी ठेवून फरक दाखवते आणि अल्टरची, म्हणजे टेबले बदलण्याच्या आज्ञांची, स्क्रिप्ट बनवते. ती स्क्रिप्ट डोळ्यांखालून घातल्याशिवाय चालवू नका, मग साधन कोणतेही असो. रकान्याचे फक्त नाव बदललेले असताना पुष्कळ साधने ते 'जुना रकाना काढा, नवा घाला' असे वाचतात. चाचणीच्या डेटाबेसवर काही बिघडत नाही, खऱ्या डेटाबेसवर पूर्ण रकान्याची माहिती जाते. स्क्रिप्टमध्ये ड्रॉप हा शब्द दिसला की हात थांबला पाहिजे.

वर्कबेंचची एक उणीव मला खरोखर खटकते. त्याची फाइल म्हणजे झिपचे गाठोडे असते. गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) ठेवली तरी काल आणि आज यांत नेमके काय बदलले ते वाचता येत नाही, आणि दोघांनी एकाच वेळी बदल केले तर ते जुळवता येत नाहीत. तुम्ही एकटे आहात तोवर चालेल. दोन-तीन जण झालात की लिहून चित्र काढायच्या पद्धतीकडे वळा. डीबीएमएल ही अशी एक सोपी लिपी आहे. टेबल आणि नाती ओळींत लिहायची, डीबीडायग्रामच्या पानावर लगेच चित्र दिसते, आणि त्याच मजकुरातून एसक्यूएल काढता येते किंवा एसक्यूएलमधून तो मजकूर बनवता येतो. मर्मेडही तसेच आहे. गिटहबवर 2022 पासून मर्मेडचे चित्र थेट दिसते, त्यामुळे प्रकल्पाच्या माहितीच्या पानातच आराखडा ठेवता येतो. फक्त मर्मेडवरून डेटाबेस बनवायची अपेक्षा ठेवू नका, ते दाखवण्यापुरते आहे. ऑनलाइन साधनांत तुमच्या टेबलांची रचना दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. पतसंस्थेचे किंवा दवाखान्याचे काम असेल तर मालकांना विचारल्याशिवाय ते करू नये.

बाकीच्या डेटाबेसांचे थोडक्यात. पोस्टग्रेससाठी पीजीमॉडेलर हे माझ्या मते सर्वांत समजदार साधन आहे. पोस्टग्रेसची खास वैशिष्ट्ये त्याला कळतात आणि त्याची मॉडेल फाइल एक्सएमएल असल्याने गिटमध्ये वाचता येते. सोर्स खुला आहे, तयार इन्स्टॉलर मात्र विकतचा. पैसे द्यायचे नसतील तर स्वतः कंपाइल करावे लागते. तेवढे नको असेल तर पीजीअ‍ॅडमिन 4 मधले ईआरडीचे, म्हणजे टेबले आणि नाती चित्रात काढायचे, साधन लहान कामाला पुरते. ओरॅकलवर काम असेल तर एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर घ्या. ते फुकट आहे आणि त्यात लॉजिकल आणि रिलेशनल मॉडेल वेगवेगळे ठेवता येतात, म्हणजे धंद्याच्या भाषेतले चित्र एक आणि टेबलांचे चित्र दुसरे. सुरू व्हायला जड आहे, आठ जीबीवर थोडा धीर धरावा लागेल. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत डायग्रामची सोय आहे, पण 2019 मध्ये 18.0 आवृत्तीत ती काढून टाकली होती आणि लोकांनी ओरड केल्यावर 18.1 मध्ये परत आणली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की टेबलांची पूर्ण एसक्यूएल स्क्रिप्ट नेहमी स्वतःजवळ वेगळी ठेवा.

अर्विन, पॉवरडिझायनर, ईआर स्टुडिओ ही मोठी विकतची साधने बँका आणि विमा कंपन्यांसाठी आहेत. शेकडो डेटाबेस, नावांचे ठरलेले नियम, अनेक मॉडेलकार एकाच भांडारात काम करतात, अशा ठिकाणी ती आपली किंमत वसूल करतात. पुण्या-मुंबईत नोकरीला जाणार असाल तर अर्विन एकदा हाताळून बघायला हरकत नाही. जिनच्या मालकांना मात्र त्याचा खर्च सांगू नका.

तरीही दोन साधनांत मन अडकले, तर प्रत्येकाला एक तास द्या. तुमच्याच डेटाबेसची प्रत उघडा. खरेदीची आठ-दहा टेबले एका पानावर मांडा. एक नवे टेबल आणि एक नाते घाला, बदलाची स्क्रिप्ट काढून प्रतीवर चालवा. मग फक्त प्रतीच्या डेटाबेसमध्ये हाताने एक रकाना वाढवा आणि तो चित्रात परत आणून दाखवता येतो का ते बघा. शेवटी पीडीएफ छापून ती घरातल्या कोणालाही वाचायला द्या. तासाभरात यातले जे पार पडत नाही ते साधन बाजूला ठेवा.

तुमच्याकडे वेळ कमी आहे. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की काट्यावर रांग लागते आणि डेटाबेसला हात लावायची सोय राहत नाही. म्हणून टेबलांचे एंजिन मायआयसॅमवरून इनोडीबीवर बदलणे, मागे राहिलेल्या पावत्या निस्तरणे आणि खरेदीच्या टेबलांना फॉरेन की लावणे ही तीन कामे आधी उरकून घ्या. विक्री आणि हिशोबाची पाने हंगाम चालू असतानाही रात्री बसून काढता येतील. आणि गंजीचे पान मुनीमजींच्या टेबलावर पसरल्याशिवाय त्यावरून एकही नवे टेबल बनवू नका.